घमेल्यातली शेती

कृषी प्रदर्शनात मांडवाच्या तोंडाशीच एक चित्र लावलेलं असतं. मधोमध कौलारू घर. डावीकडे गाय, उजवीकडे शेळ्या, खाली कोंबड्या, वर भाजीचे वाफे, कोपऱ्यात गांडूळखताचा हौद. आणि या सगळ्यांना जोडणारे हिरवे, जाडजूड, वळणदार बाण. गायीचं शेण बाणावर बसून हौदात उतरतं. हौदातलं खत उठून वाफ्यात जातं. वाफ्यातला पाला शेळ्यांकडे, शेळ्यांच्या लेंड्या परत वाफ्याकडे, किडे कोंबड्यांकडे, अंडी घराकडे. काही वाया जात नाही आणि काही विकत आणावं लागत नाही. वर ठळक अक्षरांत 'एकात्मिक शेती, शाश्वत उत्पन्न'. घराच्या दारात फेटेवाला शेतकरी उभा असतो. त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. शेजारी त्याची बायको, कमरेवर भाजीची टोपली घेऊन. ती टोपली कुठून आली आणि कुठे चालली, त्याचा बाण मात्र चित्रकाराने काढलेला नसतो.

चित्र खोटं नाही. शेणातलं नत्र पिकाला लागतं, पिकाचा कडबा गायीला लागतो, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी कुठलंही चित्र न पाहता हेच केलं. प्रश्न फक्त बाणांचा आहे. चित्रातला बाण आपोआप चालतो. प्रत्यक्षात तो घमेल्यात भरावा लागतो, डोक्यावर घ्यावा लागतो आणि पावसाळ्यात निसरड्या बांधावरून तोल सांभाळत न्यावा लागतो. आमच्या आक्काच्या शेतात असे बाण बरेच आहेत आणि ते सगळे ओढणारी आक्का एकटी आहे. दाजी देखरेख करतात.

दाजी बँकेत होते. निवृत्त झाल्यावर माणसं चारधामला जातात, गुडघे बदलून घेतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. दाजींनी पुरंदर तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन कसायला घेतली. सासवडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, अंजीर-सीताफळाच्या मुलखात. वाट्याला आलेले तीस गुंठे. सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यांतली निम्मी पुण्यात, दोन अमेरिकेत आणि तीन वर. कृषिगणना सांगते की १९७०-७१ साली महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, ती २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर आली. तेव्हा तीस गुंठ्यांची लाज वाटायचं कारण नाही, असं दाजींचं म्हणणं. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर तर सांगून गेलेत की दहा गुंठे नीट कसले तर पाच माणसांचं कुटुंब त्यावर जगतं.

"म्हणजे तीस गुंठ्यांत पंधरा माणसं," दाजी म्हणाले. बँकेतला माणूस, त्रैराशिक तोंडात तयार.

"आणि त्यांचा स्वयंपाक?" आक्का म्हणाली.

दाजींनी प्रदर्शनातलं ते चित्र विकत आणलं, लॅमिनेट करून घेतलं आणि गोठ्याच्या भिंतीवर लावलं. गोठ्यात दोन संकरित गायी, लाली आणि चांदणी. एक कालवड. पलीकडच्या छपरात उस्मानाबादी शेळ्या. आणि कोंबड्या. कोंबड्या किती हे आक्का सांगत नाही. मोजल्या की कमी होतात म्हणते. दाजींनी एकदा वहीत आकडा टाकण्यासाठी मोजायला घेतल्या; त्या एका जागी उभ्या राहीनात, आणि दुसऱ्याच दिवशी मुंगसाने एक तलंग नेली. त्यामुळे वहीत त्या रकान्यात 'अंदाजे' एवढंच लिहिलेलं आहे.

पहिला बाण दाजींनी स्वतः ओढायचा ठरवला. जीवामृत. सुभाष पाळेकरांचं शिबिर करून आलेला एक मित्र भेटला, त्याने कृती दिली. दोनशे लिटरचा ड्रम, दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. काठीने ढवळायचं, सावलीत ठेवायचं. पदार्थ सोपा आहे. अडचण एवढीच की शेण देशी गायीचं पाहिजे, संकरित गायीचं चालत नाही. आता लाली आणि चांदणी दोघी मिळून रोज तीसेक किलो शेण टाकतात, त्याचा उकिरडा घराच्या उंचीला येत चाललेला, आणि दाजी स्कूटरच्या पायाशी बादली ठेवून तीन किलोमीटरवरच्या खिल्लार गायीचं शेण आणायला निघाले! गावात ही बातमी चहा उकळायच्या आत पसरली. ज्याच्या घरी दोन गायी आहेत तो शेण उसनं आणतो, हे पाहिल्यावर खिल्लारवाल्याने पुढच्या आठवड्यापासून शेणाला भाव लावला.

"शेण विकत, गूळ विकत, बेसन विकत," आक्का म्हणाली. "घरात भजी करायला दोन मुठी बेसन मागितलं तर हे म्हणतात कोलेस्टेरॉल वाढतं. ड्रमाला नाही का वाढत?"

दाजी म्हणाले, जिवाणूंना लागतं. आक्का म्हणाली, आम्ही पण जिवंतच आहोत.

शेळ्यांविषयी बोललंच पाहिजे, कारण त्यांच्याविषयी फार गैरसमज आहेत. शेळी काहीही खाते असं म्हणणाऱ्याने शेळी पाळलेली नसते. शेळी दुसऱ्याचं काहीही खाते. स्वतःच्या पुढ्यात टाकलेल्या वैरणीकडे ती लग्नातल्या वरमाईसारखी पाहते. आधी हुंगते, मग दोन शेंडे खुडते, मग मान फिरवते. चारा एकदा जमिनीवर पडला, त्यावर कुणाचा पाय पडला की तो तिच्या लेखी संपला. म्हणून शेवरी-सुबाभळीच्या पेंढ्या दोरीला उंच टांगाव्या लागतात, मग ती मागच्या पायांवर उभी राहून, मान ताणून, आपण काहीतरी चोरतो आहोत अशा समाधानात खाते. सुबाभूळही पोटभर घालून चालत नाही. तिच्यात मिमोसीन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं की बाधतं. म्हणजे एका खाणारीसाठी तीन तऱ्हेचा पाला तीन बांधांवरून आणायचा, दोरीला बांधायचा आणि तिने खाल्ला का ते पाहत बसायचं. चित्रात या सगळ्याला मिळून एक बाण आहे, तोही बारीक.

मोकळी सोडली तर ती शेजाऱ्याच्या शेवग्यावर जाते. मग शेजारी येतो. त्याचा आवाज बांधावरून चढत येतो तेव्हा दाजींना आतल्या खोलीत काहीतरी महत्त्वाचं वाचायचं असतं. कोंडवाड्यात टाकीन, या धमकीपासून सुरू झालेलं भांडण आक्का मिटवते. बहुतेक वेळा डझनभर अंड्यांत मिटतं. हा बाण कुठल्याच चित्रात नाही, पण अंडी त्या वाटेने बरीच जातात.

एक झाड मात्र शेळी सोडते. सीताफळ. पुरंदरच्या डोंगरउतारांवर बाकी सगळं चरून साफ झालं तरी सीताफळ टिकून असतं, त्याचं कारण त्याच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही. दशपर्णी अर्काचं गुपितही तेच आहे. जनावर ज्या पाल्याला तोंड लावत नाही असा पाला निवडायचा: सीताफळ, निर्गुडी, करंज, घाणेरी, कण्हेर, आणि सोबत कडुनिंब, पपई वगैरे मंडळी. त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा, लसूण, शेण, गोमूत्र घालायचं आणि महिनाभर मुरू द्यायचं. दाजींनी सगळा पाला शेळ्यांपुढे टाकून त्यांच्याकडून निवडून घेतला. शेळ्यांनी नाक मुरडलं की ते पान ड्रमात. शेतात कुणाला तरी आपल्या मर्जीप्रमाणे काम मिळालं असेल तर ते त्या दिवशी त्या शेळ्यांना. ठेचा अर्थातच आक्काने वाटला. चार दिवस तिच्या हातांची आग जात नव्हती. महिन्याने ड्रमाचं झाकण उघडलं तेव्हा दाजींच्या चुलतभावाने अंगणातूनच निरोप घेतला. जेवायला थांबणार होता बिचारा. किडी किती गेल्या हे सांगता येणार नाही, पण विमा एजंट त्यानंतर फिरकलेला नाही.

कोंबड्यांचा बाण मला सर्वांत धूर्त वाटतो. कोंबड्या किडे खातात, माती भुसभुशीत करतात, वर खत देतात, असं चित्रात आहे. हे सगळं त्या करतात. फक्त कुठे करायचं ते त्यांनी ठरवायचं असतं. पंधरा गुंठे मोकळं रान पडलेलं असताना त्यांना नेमकी आदल्या दिवशी पेरलेल्या मेथीच्या वाफ्यात किडे असल्याचा संशय येतो. दाजींनी ओल टिकावी म्हणून टोमॅटोच्या बुडाशी उसाच्या पाचटाचं आच्छादन घातलं. कोंबड्यांच्या दृष्टीने ते कुणीतरी झाकून ठेवलेलं जेवण होतं. दुपारपर्यंत पाचट पायवाटेवर आणि टोमॅटोची मुळं उन्हात.

मग कुंपण आलं. जाळी महाग म्हणून आक्काने गावाकडे सगळे करतात तेच केलं. वाफ्यांच्या कडेने काठ्या रोवल्या आणि जुन्या साड्या गुंडाळल्या. हे कुंपण सावकाश पाहण्यासारखं आहे. वांग्यांच्या बाजूला शेवाळी, बारीक बुट्ट्यांची. ती थोरल्या पुतण्याच्या लग्नातली. गवारीला गुलाबी नायलॉन, चुलतसासूच्या साठीची. दोडक्याच्या मांडवाखाली जांभळी, तिच्यावर अजून दुकानाचा कागदी शिक्का चिकटलेला. ती कुणाच्या बारशाची हे आक्कालाही आठवत नाही. या सगळ्या आहेराच्या साड्या, आणि यांतल्या एकाही कार्यक्रमाला आक्का गेलेली नाही. दाजी गेले, जेवून आले आणि साडी घेऊन आले. नेसायला म्हणून आणलेली साडी कपाटात राहते, राहता राहता जुनी होते आणि शेवटी भोपळ्याला जाते. या कुंपणाची लांबी हल्ली बरीच झाली आहे.

कारण गाय. गाय पाळलेल्या घरातलं जोडपं जोडीने कुठे जाऊ शकत नाही. सकाळी पाच आणि संध्याकाळी सहा, या दोन वेळा धार निघालीच पाहिजे. गायीला रविवार नाही, दिवाळी नाही, सुतक नाही. आमच्या खानदानातल्या लग्नांचे आल्बम काढून पाहा, दाजी सगळीकडे आहेत. काही फोटोंत तर नवऱ्यामुलापेक्षा पुढे. आक्का कुठेच नाही. अमेरिकेतल्या एका भाचेसुनेचा कित्येक वर्षं समज होता की दाजी विधुर आहेत. तिने एकदा फार हळुवारपणे त्यांना विचारलं, एकटं राहताना जेवणाचं काय करता. दाजींनी पण काय सांगावं? "आक्का करते," म्हणाले. तिला वाटलं, बहीण सांभाळते.

धारेचं एक वेळ सोडा, ती घड्याळाने तरी बांधलेली. माजाचं तसं नाही. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि ही घटना ती शक्यतो रात्री दोन वाजता जाहीर करते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ही वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस नुसती वैरण. मणिभाई देसाईंनी इथून जवळच उरुळी कांचनला १९६७ साली बाएफ सुरू केली आणि संकरित गायींची सेवा शेतकऱ्याच्या दारात नेली, तेव्हापासून या भागात वळू मोटरसायकलवर येतो. मागच्या सीटला बांधलेल्या डब्यात द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. त्यात बुडवलेल्या कांड्या. डॉक्टर डब्याचं झाकण उघडतात, पांढरा धूर निघतो, दाजी एक पाऊल मागे सरतात आणि आक्का लालीची शेपटी धरते.

या सगळ्या तारखांचा हिशेब आक्काच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर असतो. बाहेरच्या माणसाला ती वाचता येणार नाही. 'ला. भ.' म्हणजे लाली भरवली. तिथून नऊ महिने नऊ दिवस मोजून एका चौकोनात टिंब. 'काळी' म्हणजे काळी शेळी, तिचे पाच महिने, एका वेळी बहुतेक दोन करडं म्हणून शेजारी दोन रेघा. 'खु. बस.' म्हणजे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली, एकवीस दिवसांनी पुन्हा टिंब. मधूनमधून एकादश्या, संकष्ट्या, गॅस कधी लावला ते, आणि दाजींची रक्तदाबाची गोळी. त्या दिनदर्शिकेवर एकदा दाजींच्या वाढदिवसावरच टिंब दिसलं म्हणून ते हरखले. ती चांदणीची तारीख निघाली. खरवस मात्र सगळ्यांनी खाल्ला, त्यामुळे वाढदिवस चांगला झाला असंच ठरलं.

खुडूक कोंबडीचं प्रकरण तर स्वतंत्र अभ्यासाचं. ती एकदा खुडूक झाली की अंडी देणं बंद, खाणं-पिणं अर्धं, डोळे लाल, जवळ गेलं की अंग फुगवून फिस्कारायचं. तिच्याखाली अंडी ठेवायची नसतील तर तो खुडूकपणा मोडावा लागतो. त्यासाठी लोक गार पाण्यात बुडवतात, नाकपुड्यांतून पीस ओवतात. दाजींनी मोबाइलवर पाहून तिला उजेडात, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचा शास्त्रीय उपाय केला. तीन दिवसांनी बाहेर काढली तर ती सरळ चालत जाऊन दाजींच्या चपलेवर बसली. दाजी त्या दिवशी अनवाणी बँकेत पेन्शन आणायला गेले असते, पण आक्काने कोंबडी उचलून दिली.

रविवारी शहरातली मंडळी येतात. त्यांना सगळं 'प्युअर' हवं असतं. वांगी हातात घेऊन भोक शोधतात; भोक सापडलं की चेहरा खुलतो, औषध मारलेलं नाही याची खात्री पटते. आक्का आता परडीत किडकी वांगी वर आणि चांगली खाली लावते. पूर्वी उलटं लावायची, तेव्हा माल पडून राहायचा. हीच माणसं मॉलमध्ये सहा गावरान अंड्यांना जे देतात ते इथे बाराला द्यायचं म्हटलं की, "अहो, कोंबड्या तर घरच्याच ना?" म्हणतात. एका बाईंनी गोवऱ्या मागितल्या, शिवाय त्या गोल आणि एका मापाच्या असाव्यात असं सुचवलं. त्यांची मुलं शेळीबरोबर व्हिडिओ करतात. शेळी त्यांच्या टोपीचा बंद खाते. वर सांगितलंच आहे, दुसऱ्याचं काहीही खाते.

या कारभाराचा हिशेब दाजींनी नियमाने ठेवला आहे. जमा डावीकडे, खर्च उजवीकडे, खाली लाल रेघ. सरकी पेंड, गोळी पेंड, कडबा, डॉक्टर, विजेचं बिल, उसनं शेण. दुधाचे पैसे दहा दिवसांनी येतात तेही फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ लागलं तर पूर्ण दराने. डेअरीतल्या यंत्राचा आणि आक्काच्या डोळ्यांचा त्या बाबतीत कधी मेळ बसत नाही. वहीप्रमाणे शेती बहुतेक महिने तोट्यात. घर मात्र चालतं. कडबाकुट्टीचं यंत्र आलं, गोठ्यावर नवे पत्रे पडले, कालवडीला विमा झाला, आणि यातलं काहीच वहीत नाही. ते सगळं हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यातून आलं. अंड्यांचे, बोकडाचे आणि भाजीचे पैसे आक्काचे, आणि ते डाळीत असतात. आक्का त्याचा हिशेब ठेवत नाही. तेही मोजलं की कमी होतं.

मध्यंतरी कृषी महाविद्यालयाच्या मुली कार्यानुभवासाठी गावात आल्या होत्या. कृषिकन्या. त्यांनी अंगणात रांगोळीने दाजींच्या शेताचं चित्र काढलं, भिंतीवरच्या त्या चित्राबरहुकूम. दाजी समजावून सांगत होते. "खर्च जवळपास शून्य. मजुरीचा रकाना पाहा, घरची मजुरी शून्य." एक चुणचुणीत मुलगी वहीत लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "सर, शेण हौदापर्यंत कोण नेतं?" दाजींनी आक्काकडे पाहिलं. मुलीने बाणाच्या मधोमध आक्काची एक छोटी आकृती काढली. मग पाल्याच्या बाणावर काढली. मग अंड्यांच्या, पाण्याच्या, भाजीच्या. थोड्या वेळाने रांगोळीत गाय दिसेना, शेळ्या दिसेनात, नुसत्या साडी नेसलेल्या बायका चालल्या आहेत असं दृश्य तयार झालं. दाजी म्हणाले, यात सुटसुटीतपणा राहिला नाही. तेवढ्यात कोंबड्या आल्या आणि त्यांनी खड्यांच्या लोभाने अर्ध्या आक्का टिपून टाकल्या.

आणि मग गेल्या मे महिन्यात दाजींच्या भाचीचं लग्न निघालं, सासवडला. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे नेमकी धारेची वेळ. भाचीने आक्काला निक्षून सांगितलं, मामी, तू आली नाहीस तर मी बोहल्यावर चढणार नाही. तेव्हा मला पुण्याहून बोलावून घेण्यात आलं. लहानपणी धार काढायला शिकलो होतो, आणि ती सायकलसारखी विसरत नाही. आक्काने दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला सूचना लिहिल्या. आंबोण आधी चांदणीला, मग लालीला. कोंबड्या झाकायच्या आधी खुराड्यामागे काठी आपटायची, साप असतो. काळी पाट फसवेल, तिला पाला घालून झालेला आहे.

चांदणीने दूध दिलं. लालीने नाही. कास भरलेली, सड टणक, आणि थेंब नाही. यामागचं शरीरशास्त्र मला माहीत होतं. ओळखीचा हात, ओळखीचा आवाज, वासराचं ढुशी देणं, यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि गाय पान्हा सोडते. अनोळखी माणूस दिसला, घाबरली, की अॅड्रेनलिन ते अडवून धरतं. हे सगळं लालीला मी शांतपणे सांगितलंही. तेवढ्यात शेवगेवाला शेजारी बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "पाव्हनं, आक्काची साडी गुंडाळा. वासानं फसती ती." कपाटाला कुलूप. म्हणून वांग्यांजवळची शेवाळी काढली आणि गुंडाळली. लालीने ती हुंगली. त्या साडीला आक्काचा वास कुठून येणार, ती कधी नेसलीच नव्हती. वांग्यांचा येत असावा. तिने बादली लाथाडली. आणि मागे वांग्यांच्या वाफ्याला कुंपण राहिलेलं नाही हे कोंबड्यांच्या ध्यानात आलं.

शेवटी आक्काला फोन लावला. मंगल कार्यालयात मंगलाष्टकं चालू होती. मी स्पीकर चालू करून फोन लालीच्या कानाशी धरला. मंगलाष्टकांच्या गोंगाटावरून आक्काचा आवाज आला, "लाले! ए लाले! सोड गं बाई, सोड!" लालीचे कान फिरले, तिने मान वर केली, आणि सडांतून धार लागली. तिकडे अंतरपाट धरलेल्या दोघा मामांनी "सोड" ऐकलं आणि सोडला. नवरा-नवरीने एकमेकांना एक अष्टक आधीच पाहिलं. भटजींनी घाईघाईने 'सावधान' म्हणून वेळ मारून नेली, अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि फोनमधून तो बँड गोठ्यात घुमत असताना लालीने रोजच्यापेक्षा अर्धा लिटर जास्त दूध दिलं.

दाजींनी या घटनेचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष वहीत तारखेसह लिहिलेला आहे: 'मंगलाष्टकांच्या विशिष्ट लयीचा दुग्धोत्पादनावर अनुकूल परिणाम.' आता रोज पहाटे पाच वाजता दाजी उठतात, गोठ्यात जातात आणि मोबाइलवर मंगलाष्टकं लावून लालीपाशी उभे राहतात. फॅट पॉइंट एकने वाढल्याचंही सांगतात. आक्का शेजारी बसून, नेहमीप्रमाणे लालीशी बोलत, धार काढते.

मी तिला म्हटलं, "अगं, त्यांना सांग तरी, गाय तुझ्या आवाजाने पान्हा सोडते म्हणून."

"कशाला?" आक्का म्हणाली. "वाजू दे की. त्या निमित्ताने पाचला उठतात तरी. आता गोठ्यात उभेच आहेत म्हणून परवापासून शेणाचं घमेलं त्यांच्याकडे दिलंय."